दुसरं पारडं

"दुसरं पारडं कुठंय?" मी विचारलं.

डॉक्टरीण चिंचेच्या फांदीला काटा अडकवत होती. घड्याळासारखी गोल तबकडी, तिच्याखाली लोखंडी आकडा आणि आकड्याला निळ्या कापडाची झोळी. तिनं मागं वळून पाहिलं आणि हसली. पोरानं पाढा चुकवला की मास्तर हसतो, तसं.

"आजी, याला दुसरं पारडं लागत नाही. आत स्प्रिंग असते. बाळाला झोळीत ठेवलं की आपोआप वजन कळतं."

"तुझी आजी तुझ्या घरी असंल," मी म्हटलं. "मला काकू म्हण. अजून डोक्यावर दोन हंडे घेऊन घाटी चढते मी."

बाया पदराआड हसल्या. डॉक्टरीणही लाजली आणि म्हणाली, बरं, काकू तर काकू. माधुरी शेवाळे तिचं नाव. पोरगी मनानं वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून तुम्ही तिला राक्षसीण म्हणाल, आणि राक्षसीण म्हटलं की माणसाला वाटतं आपला प्रश्न सुटला.

मी माझ्या नातीला, येसूला, कडेवर तशीच घट्ट धरून उभी राहिले. बाकीच्या बायाही जागच्या हलल्या नाहीत. त्याला कारण होतं.

आमच्या निमखेडीत लेकरू तोलायची रीत आहे. भैरोबाच्या देवळात जुना तराजू आहे, सागवानी दांडीचा, पितळी पारड्यांचा. लेकरू मोठ्या दुखण्यातून उठलं की चैत्रातल्या जत्रेत त्याची गूळतुला करायची. एका पारड्यात लेकरू बसवायचं आणि ते जमिनीवरून उचलेपर्यंत दुसऱ्या पारड्यात गूळ घालत राहायचा. मग तो गूळ गावाला वाटायचा. नेम एकच. दुसरं पारडं रिकामं असताना लेकरू उचलून घ्यायचं नाही. रिकाम्या पारड्यासमोर तोललेलं लेकरू हलकं होत जातं, असं माझी सासू सांगायची. खरं-खोटं भैरोबाला ठाऊक. पण लेकरू तोलायला घेतलं म्हणजे द्यायचं कबूल केलं, एवढं आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं.

आणि ही बाई तर पारड्याशिवायच तोलायला निघालेली.

कोडं सोडवलं ते अन्सरानं. अन्सरा माझी शेजारीण, तिच्या-माझ्या घरात एकच भिंत. तोंडानं गरीब, पण डोकं चालायचं तिचं. मांडीवरच्या दिगूचं नाक पुसत ती म्हणाली, "अगं, सरकार हाय ते. आधी तोलून बघणार, कुणाला किती लागतंय ते ठरवणार, मग मागनं धाडणार. सरकारचं कुठलं काम एका फेरीत झालंय?"

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. रेशनची साखर मागून यायची, रॉकेल मागून यायचं, हापशाचा दांडासुद्धा हापशामागून वर्षानं आला होता. सरकारचं दुसरं पारडं मागून येतं, अशी म्हणच पडली गावात. अन्सरानं दिगूला पहिल्यांदा झोळीत ठेवलं आणि तिच्यामागं आमची रांग लागली.

त्या दिवाळीनंतर दर महिन्याला जीप येत राहिली. ड्रायव्हर ती नेहमी चिंचेच्या बुंध्याशी, दाट सावलीत लावायचा. मागं हिरवी ताडपत्री बांधलेली. सावली जीपनं घेतली की आम्ही बाया लेकरं घेऊन उन्हात सरकायचो. डॉक्टरीण झोळीत वजन करायची, फळीवर निजवून लांबी घ्यायची, दंडाला रंगीत पट्टी गुंडाळायची. हिरव्यावर आलं तर बरं, पिवळ्यावर आलं तर काळजी, तांबड्यावर आलं तर वाईट, एवढं बघून बघून आम्हीही शिकलो. शेवटी प्रत्येक लेकराला एकेक फुगा. मग जीप नदीकडं उतरायची, कारण पल्याडच्या देवझरीतही तिचं असंच काम होतं.

फुगे घेऊन आम्ही घरी यायचो. लेकरं आम्ही त्या दिवशी न्हाऊमाखू घालून, काजळ-तीट लावून न्यायचो. तोलायचा दिवस म्हणजे आमच्या लेखी देवाचाच दिवस.

आता येसूचं सांगते. माझी लेक छबू देवझरीत दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती रिवाजानं माझ्याकडं आली. सून भामा हिला माहेरी आई नव्हती, म्हणून तीही माझ्याकडंच बाळंत झाली. एकाच खोलीत दोन बाजा, एकच शेगडी. छबूला गोरख झाला आणि भामाला येसू. दोघांना या हातांनी न्हाऊ घातलं, एकाच वाटीतलं तेल चोळलं. येसू तेव्हा गोरखपेक्षा अंगानं भरलेली होती. छबू रुसायचीसुद्धा, की सुनेच्या लेकीला जास्त चोळतेस म्हणून.

हिवाळ्यात दोन्ही गावांत गोवर आला. दोघांनाही निघाला. गोरख उठला, दुडक्या चालीनं खेळायला लागला. येसू उठली, पण बसलीच. तोंडात घातलेला घास गालातच ठेवायची. चैत्रात छबूनं गोरखची गूळतुला केली. ढेप अख्खी गेली, वर ओंजळी घालाव्या लागल्या, आणि बेट्यानं साखळ्या हलवून पारडं डोक्यावर घेतलं. पारडं उचललं तसा गुरवानं चांगभलं केला आणि सगळी जत्रा ओरडली. भामा माझ्या शेजारी येसूला पदराखाली घेऊन उभी होती. तिनं विचारलं नाही, तरी मी म्हटलं, येसूची पुढच्या साली करू, जरा अंग धरू दे. पल्याडचं पाणीच चांगलं, असं बाया म्हणाल्या. मीही मान हलवली. नदीच्या त्या काठाला वेगळं पाणी आणि या काठाला वेगळं! पण माणसाला कारण लागतं, आणि जवळ पडलेलं कारण तो उचलतो.

जेठात विहिरीचा तळ दिसायला लागला. त्या महिन्यात दिगूची पट्टी तांबड्यावर गेली. डॉक्टरिणीनं ती सोडून पुन्हा गुंडाळली. मग अन्सराला म्हणाली, याच्याकडे जरा लक्ष द्या, जमलं तर तालुक्याला दाखवून आणा.

लक्ष द्या! अन्सरा काय डोळे मिटून बसली होती?

रात्री नवऱ्यानं विचारलं, तालुक्याला न्यायचं का. अन्सरा म्हणाली, मॅडमनं पट्टी दोन बार लावून बघितली, म्हंजी आता ती धाडंल काहीतरी. जिनं तोललं ती बघंल. तिनं वाट पाहिली. आमच्या गावात वाट कशी पाहायची हे कुणी शिकवावं लागत नाही. मग दिगूला हगवण लागली. बैलगाडी जुंपेपर्यंत त्याचे डोळे फिरले होते.

पुढच्या महिन्यात डॉक्टरीण अन्सराच्या घरी जाऊन बसली. मीही होते. जुलाब कधीपासून, रंग कसा, पाणी कुठलं पाजलं, अंगावरचं दूध चालू होतं का. अन्सरा एकेक सांगत होती. तिला वाटत होतं, सगळं नीट सांगितलं तर निदान याचा काही उपयोग होईल. डॉक्टरिणीच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं. पाणीही होतं आणि पेनही चालू होतं. उठताना काय करावं ते तिला सुचेना. दारात अन्सराची थोरली लेक उभी होती, तिच्या हातात तिनं एक लाल फुगा दिला.

अन्सरानं तो फुगा फोडला नाही, टाकलाही नाही. आढ्याच्या खुंटीला बांधून ठेवला.

श्रावणात पंचमीला छबू माहेरी आली. भामा पुरणाची दिंडं करत होती, मी चुलीपाशी. छबूनं पिशवी टेकवली आणि गोरखला खाली सोडलं. त्याच्या हातात चांदीच्या कागदाची एक पुडी होती. तिचा कोपरा दातात धरून चोखत तो येसूजवळ जाऊन बसला. येसू त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"हे काय चोखतोय गं?" मी विचारलं.

"खाऊ त्याचा. शेंगदाण्याचं हाय, गोड. मॅडम देती."

"कुठली मॅडम?"

"तीच की. तुमच्याकडं येती ती. शेवाळे मॅडम." छबू पिशवी उचकत होती. मग तिचा हात थांबला. तिनं येसूकडं पाहिलं, येसूच्या दंडाकडं पाहिलं. "आई, तुमच्याकडं देत न्हाईत व्हय?"

भामाच्या हातातलं दिंड तसंच राहिलं.

मग छबूनं सगळं सांगितलं. दिवाळीपासून महिन्याच्या महिन्याला खाऊच्या पुड्या. जंतांची गोळी. जिभेवर टाकायचे थेंब, गोवर आला की डोळे जाऊ नयेत म्हणून. आणि प्रत्येक घरात हगवणीवरची पावडर, उकळून गार केलेल्या पाण्यात घालायची. एवढं सगळं देताना बजावलेलं, की हे गावाबाहेर कुणाला द्यायचं नाही, आपल्याच लेकराला खाऊ घालायचं. तिला वाटलेलं, सगळ्याच गावांना मिळतंय, मग बाहेर कोण मागणार? तरी माहेरी रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून चार पुड्या चोरून पिशवीत घालून आणलेल्या.

भिंतीपलीकडं भांडं पडल्याचा आवाज झाला.

थोड्या वेळानं अन्सरा दारात आली. आत येऊन खाली बसली आणि छबूच्या पिशवीतून डोकावणारी पांढरी पुडी तिनं उचलली.

"ही हगवणीवरची?"

"व्हय, वैनी."

"पाण्यात घालायची?"

"व्हय."

"आणि पाजायची. एवढंच?"

छबूनं नुसती मान हलवली. अन्सरानं पुडी होती तिथं नीट ठेवली, जशी दुसऱ्याची वस्तू ठेवतात तशी, आणि घरी गेली.

छबूनं डोळे पुसत एक खाऊची पुडी फोडली आणि येसूच्या तोंडाला लावली. कित्येक महिने गालात घास ठेवणारी ती पोर डोळे मिटून चोखायला लागली. दुसरी पुडी फोडायला छबूनं हात घातला, तसा मी तो धरला.

"ठेव. ते गोरखचं हाय."

तेव्हा भामा बोलली. लग्न होऊन आल्यापासून तिनं मला उलट उत्तर दिलं नव्हतं. "आत्याबाई, ही बी तुमचीच नात हाय."

"म्हणूनच म्हणते," मी म्हटलं. "माझी नात कुणाच्या चोरीवर जगणार न्हाई. तिच्या वाटणीचं तिला मिळंल. उजेडात मिळंल, सगळ्या गावादेखत."

एवढं बोलून मी चुलीकडं तोंड केलं. पाठीमागं कागद टरकन फाटल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही.

तोलायचा दिवस आला तसा मी सकाळीच देवळात गेले. लक्षुमन गुरव म्हणाला, काकू, जत्रा न्हाई, पर्वणी न्हाई, तराजू बाहेर निघत नसतो. मी म्हटलं, लक्षुमना, लेकरं काय जत्रा बघून मरतात? त्यानं मुकाट्यानं दांडीचं एक टोक खांद्यावर घेतलं. जीप यायच्या आत चिंचेच्या त्याच फांदीला आम्ही भैरोबाचा तराजू टांगला. जमिनीला टेकलेल्या एका पारड्यात मी चौघडी अंथरली आणि येसूला बसवलं. गोरख असता तर त्यानं साखळ्या वाजवून गाव गोळा केलं असतं. येसू हालली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली, म्हाताऱ्या बाईसारखी.

जीप आली. नेहमीप्रमाणे सावलीत, बुंध्याशी लागली. डॉक्टरीण उतरली आणि तिथंच थबकली.

"काकू, हे काय?"

"तुझ्या काट्याला दुसरं पारडं नव्हतं. आम्ही आणून दिलं. आता ते भरल्याबिगर एकाही लेकराला झोळीत घालायचं न्हाई."

तिनं बायांकडं पाहिलं. कुणी खाली बघत नव्हतं. ती मला बाजूला घेऊन पारावर गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "देवझरीतलं कळलं तुम्हाला."

"माझी लेक दिलीय तिकडं."

"काकू, मी नीट सांगते. हे सरकारचं संशोधन आहे. एका गावाला आहार आणि औषधं द्यायची, एकाला नाही द्यायची, आणि दोन्हीकडची मुलं मोजायची. दोन गावं सारखीच, मध्ये नदी, म्हणून ही निवडली. फरक आकड्यांत दिसला ना, की वरच्यांना नाही म्हणता येणार नाही. मग सगळ्या जिल्ह्यांतल्या मुलांना मिळेल. तुमच्यासुद्धा."

"आणि तवर?"

ती नदीकडं बघायला लागली.

"म्हंजी पारडं होतं," मी म्हटलं. "नदीपल्याड होतं. एका पारड्यात देवझरी बसवली, दुसऱ्यात निमखेडी. आणि आमचं रिकामं ठेवलं, मुद्दाम."

"असं नाही हो—"

"आगं, नदी बघून गावं निवडली, पण माणसं बघितली न्हाईत? आमच्या निम्म्या लेकी पल्याड, तिकडच्या निम्म्या इकडं सुना. आमच्या लेकी माहेरी रिकाम्या हातानं येतील, असं तुमच्या साहेबाला वाटलं तरी कसं?"

तिचा चेहरा उतरला. त्यांच्यातल्या कुणाच्याच हे ध्यानात आलं नव्हतं, ते मला तिच्या तोंडावर दिसलं. ती भराभर बोलायला लागली. आता थोडेच महिने राहिलेत, आत्ता इथं वाटलं तर वर्षाचं सगळं काम पाण्यात जाईल, तिच्या हातात काही नाही, वरून हुकूम आहे. मी ऐकत होते. पोरगी खोटं बोलत नव्हती. म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. खोटारड्याला तोंडावर खोटारडा म्हणता येतं. हिला काय म्हणायचं?

"आणि काकू," ती म्हणाली, "आता मध्येच सोडलं तर दिगूचं जाणंसुद्धा वाया जाईल."

मी उठून उभी राहिले.

"त्याचं नाव तू घेऊ नको," मी म्हटलं. आवाज चढवला नाही, तरी सगळ्यांनी ऐकलं. "भुकेल्याला घातलं की ते वाढतं, न घातलं की वाळतं. हे आमच्या गोठ्यातल्या म्हशीला कळतं. तेवढं कळायला तुमच्या सरकारला अन्सराचं पोर लागलं?"

ती पारावरून उठली नाही. बाया तिच्याकडं बघत होत्या, ती तराजूकडं बघत होती. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, उशीर होतोय, पुढं देवझरी आहे.

तेवढ्यात गर्दीतून अन्सरा पुढं आली. तिच्या हातात तो लाल फुगा होता. हवा गेलेला, सुरकुतलेला, दोरा अजून बांधलेला. तिनं तो तराजूच्या रिकाम्या पारड्यात ठेवला आणि मागं सरून उभी राहिली. पारडं हललं नाही. हलणार कसं? त्यात होता तो नुसता वारा, तोही निघून गेलेला.

डॉक्टरीण उठली. मला वाटलं, चालली ही आता. निदान देवझरीहून माल आणते, असं तरी सांगेल, आणि मग पुन्हा आमचं वाट बघणं सुरू. ती जीपच्या मागं गेली आणि तिनं ताडपत्रीची दोरी सोडली.

आत खोकी होती. वरपर्यंत रचलेली.

"मॅडम, तो देवझरीचा माल आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"माहिती आहे मला," ती म्हणाली.

सगळ्यांच्या डोक्यात एकच चाललं होतं, मला त्यांच्या तोंडाकडं न बघता कळलं. दर महिन्याला ही जीप इथंच लागत होती. आमच्या चिंचेखाली. गोवर फुलला तेव्हा इथंच. दिगूची पट्टी तांबड्यावर गेली तेव्हा त्याच्यापासून एका हातावर ही ताडपत्री होती, आणि तिच्याखाली ती पांढरी पावडर. खाऊ वितळू नये म्हणून खोकी सावलीत, आणि आमची लेकरं रांगेत, उन्हात.

तिनं एक खोकं ओढून काढलं. तिला पेलेना, म्हणून मी दुसरी बाजू धरली. गुळाची मोठी ढेप असते तेवढंच जड होतं. तराजूजवळ नेऊन तिनं ते फाडलं. फुगा उचलून तिनं अन्सराच्या हातात परत दिला, दोन्ही हातांनी.

"किती ठेवू, काकू?"

"येसू उचलंपतूर."

तिनं पुड्या घालायला सुरुवात केली. एकेक, मग ओंजळीनं. भामा पदर तोंडात धरून उभी. मी मनात हिशेब मांडून बसले होते, की गोरखला अख्खी ढेप लागली होती, वर ओंजळी. एका अंगाची, एका वयाची लेकरं ती. खोकं रिकामं होईल, दुसरं काढावं लागेल, तेव्हा ड्रायव्हर आडवा आला तर त्याला काय ऐकवायचं, हेसुद्धा मी ठरवलं होतं.

आणि येसूचं पारडं उचललं.

साखळी कुरकुरली, येसू जमिनीवरून अलगद वर आली आणि तरंगत राहिली. खोकं अर्धंसुद्धा सरलं नव्हतं. लक्षुमन गुरवानं सवयीनं चांगभल्याला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एकही बाई ओरडली नाही. डॉक्टरिणीच्या ओंजळीत पुढच्या पुड्या होत्या. त्या आता कुठं ठेवायच्या, हे तिला कळेना. वर्षभर तिनं त्या पोरीचं वजन केलं होतं, दर महिन्याला आकडा टिपला होता. पण ती पोर किती हलकी झालीय, ते मला वाटतं तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मग तिनं झोळीला हातही लावला नाही. सगळी खोकी उतरवून झाडाखाली ठेवली, वाटून घ्या म्हणाली. भामाला आणि येसूला जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, दाखल केलं. येसू तिथं बरेच दिवस होती. डॉक्टरीण दोनदा येऊन गेली म्हणे, बाजेजवळ बसून राहायची. आमच्या गावात मात्र ती परत दिसली नाही. तिची बदली केली, असं ऐकलं.

दिवाळीच्या सुमाराला पांढऱ्या गाडीतून एक मोठा साहेब आला. मी अंगणात शेंगा फोडत होते. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. तो म्हणाला, या प्रकारामुळं निमखेडी संशोधनातून बाद झाली आहे. आमच्या गावाचे आकडे आता कुठंच धरणार नाहीत. सरकारचं मोठं नुकसान झालं, असंही म्हणाला. आवाजात राग नव्हता. दाण्यांत खडा निघाल्यावर जेवढा राग येतो, तेवढाच.

येसू ओट्याला धरून उभी होती, हातात भाकरीचा तुकडा. त्याच्या बुटाकडं बघत ती चावत होती. साहेबानं तिच्याकडं पाहिलं, पण ही कोण ते विचारलं नाही. त्यानं पिशवीतून कागद काढला.

"आजी, एक गोष्ट नोंदवायची राहिली आहे. त्या दिवशी नेमकी किती पाकिटं दिली गेली?"

आजी म्हणाला. मी दुरुस्त केलं नाही. काही माणसं दुरुस्त करण्याच्या पलीकडची असतात.

"मोजली न्हाईत, साहेब. आमच्याकडं मोजत नसतात. लेकराचं पारडं उचललं की थांबायचं."

"तरी अंदाजे?"

"लई लवकर उचललं," मी म्हटलं. "तेवढं लिवा."

त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. मग मागची बाजू पाहिली. मी शेंगा फोडत राहिले. साहेब लिहायला जागा शोधत होता.